मंजूर इतिहास

तोक्योच्या पूर्वेला निशी-कासाईत आम्ही राहतो. इथे भारतीय इतके झालेत की शनिवारी सकाळी दुकानात मराठी कानावर पडली तरी कुणी मान वळवत नाही. उन्हाळ्यात वस्तीचा मेळा भरतो आणि त्यात आम्हा काही बायकांचा भेळेचा स्टॉल असतो. एका वर्षी गर्दी ओसरल्यावर एक आजोबा आले. सुती युकाता, हातात कागदी पंखा, पाठ ताठ. बराच वेळ बाजूला उभे राहून ते रांग संपायची वाट बघत होते. मला वाटलं, तिखट किती असतं ते विचारायचं असेल. त्यांनी आधी ‘भारतातल्या का?’ असं विचारलं आणि मी हो म्हणताच कमरेतून पार वाकून नमस्कार केला. म्हणाले, पाल न्यायाधीशांबद्दल आभार मानायचे होते, भारताचे आमच्यावर फार उपकार आहेत. माझ्या हातात चिंचेच्या चटणीचा डाव, आणि समोर ऐंशीच्या घरातला माणूस वाकलेला. मी इथल्या रीतीप्रमाणे हात हलवत ‘छे छे, कसले आभार’ असं काहीतरी पुटपुटले आणि त्यांच्या भेळेवर मूठभर शेव जास्त घातली. घरी येईपर्यंत छान वाटत होतं. परदेशात आपल्या देशाचं नाव कुणी इतक्या अदबीने घेतलं की आपण उगाचच दोन बोटं उंच होतो.

दुसऱ्या दिवशी मात्र ते छान वाटणंच टोचायला लागलं.

राधाबिनोद पाल म्हणजे कोलकात्याचे न्यायमूर्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर तोक्योत जो खटला चालला, त्यात ११ न्यायाधीश होते. त्यातल्या पालांनी १९४८ मध्ये सगळेच आरोपी निर्दोष असल्याचं स्वतंत्र निकालपत्र दिलं. त्यांचा मुद्दा कायद्याचा होता: जेत्यांनी नंतर केलेल्या कायद्याने हरलेल्यांना शिक्षा कशी देता? पण त्याच निकालपत्रात, जपानी सैन्याने नानजिंगमध्ये आणि इतरत्र अत्याचार केल्याचा पुरावा भक्कम आहे, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. हा दुसरा भाग आभारप्रदर्शनात येत नाही. युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांना पूजणाऱ्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात २००५ साली पालांचं स्मारक उभं राहिलं. मेळ्यानंतर मी मुद्दाम जाऊन पाहून आले. चष्मा लावलेले पाल, शेजारी कोरलेला मजकूर, भोवती नीट छाटलेली झुडपं. बाजूच्या संग्रहालयात शिरताच काळं कुळकुळीत, पुसून चकचकीत केलेलं वाफेचं इंजिन उभं आहे, जपानी सैन्याने युद्धात बांधून घेतलेल्या थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर धावलेलं. ती रेल्वे बांधताना युद्धकैदी मेले, तसे मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले हजारो तमिळ मजूरही मेले. त्यांचा उल्लेख मला तिथे दिसला नाही. इंजिनाला तेलाचा मंद वास येत होता. दोन शाळकरी पोरं त्याच्यासमोर बोटांचा व्ही करून फोटो काढत होती.

मी त्या काळात आठवड्यातून एकदा वॉर्डाच्या सभागृहात जपानी शिकायला जायचे. शिकवणाऱ्या आजी स्वयंसेवक होत्या, १९३५ सालच्या. मी त्यांना सेन्सेईच म्हणायचे. माझा मुलगा माध्यमिक शाळेत जायला लागला तेव्हा त्याचं इतिहासाचं पुस्तक मी त्यांच्याकडे घेऊन गेले; अर्धी अक्षरं मला लागत नव्हती. जपानी शाळेची पुस्तकं फुकट मिळतात. मागच्या पानावर तसं छापलेलंच असतं, की देशाचा भार पुढे तुम्ही उचलणार आहात या अपेक्षेने हे पुस्तक करदात्यांच्या पैशातून दिलं आहे. आणि एक ओळ अशी, की हे पुस्तक शिक्षण मंत्रालयाने तपासून मंजूर केलेलं आहे. सेन्सेईंनी पुस्तक उघडलं नाही. त्या मंजुरीच्या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘आमच्या चौथीत आम्हीच तपासलं होतं.’

सप्टेंबर १९४५. जपान शरण आल्याला महिना झालेला. अमेरिकन अधिकारी शाळाशाळांत येणार म्हणून सरकारचा हुकूम निघाला, की पुस्तकांतला युद्धाचा गौरव काढून टाका. नवी पुस्तकं छापायला कागदच नव्हता. मग वर्गात गुरुजी पानाचा आकडा आणि ओळीचा आकडा सांगायचे आणि मुलांनी दगडी दौतीत शाई उगाळून, ब्रशने ती ओळ काळी करायची. ‘ती शाई फार पातळ व्हायची,’ सेन्सेई म्हणाल्या. ‘पान उजेडाला धरलं की खालचं वाचता यायचं. गुरुजींनी ते पाहिलं आणि पुन्हा एक हात द्यायला लावला. ओल्या पानाला पान चिकटू नये म्हणून आम्ही पुस्तकं उघडी करून खिडकीत वाळत घातली होती.’ त्यांना वाईट कशाचं वाटलं होतं? तर शाळेच्या पुस्तकाला नमस्कार केल्याशिवाय उघडायचं नाही असं घरी शिकवलेलं, आणि आता त्यावर शाई फासायची. आणखी एक गोष्ट त्यांना खुपली होती. सांगणारे गुरुजी तेच होते. सुटीआधी याच ओळी पाठ नाहीत म्हणून त्यांनीच छड्या मारल्या होत्या.

इएनागा साबुरो हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते सेन्सेईंच्या तोंडून.

हा माणूस १९१३ साली नागोयात जन्मला, तोक्योच्या विद्यापीठात इतिहास शिकला. प्रकृतीने नाजूक. युद्धाच्या काळात तो निइगाताला शिकवत होता. वर्गात जपानचा इतिहास सूर्यदेवतेपासून सुरू व्हायचा, दंतकथा आणि सनावळी एकाच दमात. त्याला आतून ते पटत नव्हतं. पण तो बोलला नाही. विद्यार्थी आघाडीवर गेले, त्यातले काही आलेच नाहीत. आपण युद्धाच्या बाजूने काही केलं नाही, पण थांबवायलाही काही केलं नाही, ही खंत त्याने पुढे वारंवार लिहिली आहे. युद्धानंतर जपानी शिक्षकांच्या संघटनेने घोषणा दिली होती, ‘आमचे विद्यार्थी पुन्हा रणांगणावर पाठवणार नाही.’ घोषणा देणं सोपं असतं असं मी म्हणणार होते, पण ज्यांनी पहिल्यांदा विद्यार्थी पाठवले त्यांनीच ती दिली होती, तेव्हा तेवढी सोपी नसावी.

इएनागांनी उच्च माध्यमिक शाळांसाठी जपानच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलं. १९५०च्या दशकात ते शाळांत चालूही होतं. युद्धाआधी प्राथमिक शाळेची पुस्तकं सरकार स्वतःच लिहायचं. युद्धानंतर लेखक आणि प्रकाशक मोकळे झाले, पण मंत्रालयाची तपासणी राहिली. सुरुवातीला ती सौम्य होती. मग हळूहळू हात जड होत गेला. १९६३ मध्ये इएनागांचं पुस्तक नापास झालं. दुसऱ्या वर्षी, आक्षेपांची भली मोठी यादी जोडून, सशर्त पास झालं. त्या यादीतले आक्षेप वाचताना मला हसावं की काय ते कळेना. हवाई हल्ल्यांचं चित्र, अणुबॉम्बने राख झालेलं हिरोशिमा, पांढऱ्या झग्यातला जायबंदी सैनिक: हे सगळं मिळून युद्धाचं चित्र फार काळोखं होतं म्हणे. ‘अविचारी युद्ध’ यातलं ‘अविचारी’ खटकलं. म्हणजे युद्ध झालं म्हणा, हरलो म्हणा, पण विशेषण नको. मला आमच्या ऑफिसातला अहवाल आठवला, ज्यात ‘नुकसान’ खोडून ‘अपेक्षेपेक्षा कमी वाढ’ असं करून घेतात. खोटं कुणी काहीच लिहीत नाही. नुसतं दिवा जरा बारीक करतात.

१२ जून १९६५ ला इएनागांनी जपान सरकारवर दावा लावला. मागणी नुकसानभरपाईची, मुद्दा असा की ही तपासणी म्हणजे राज्यघटनेने मना केलेली सेन्सॉरशिप आहे. हे मी फोनवर अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात त्यांची सगळी नोकरी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली. त्यांनी तत्त्वाबित्त्वाचं काही विचारलं नाही. विचारलं, ‘हे गृहस्थ नोकरी कुठे करत होते?’ तोक्यो शिक्षण विद्यापीठात. ‘खाजगी का सरकारी?’ सरकारी. पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, ‘म्हणजे पगार ज्या खात्याचा, दावा त्याच खात्यावर. आणि बदली नाही झाली?’ पस्तीस वर्षं शिक्षकी केलेल्या माणसाला इएनागांची उंची बरोब्बर कुठून मोजायची ते कळलं होतं. मला ते सुचलं नव्हतं.

दावे एकूण तीन झाले: १९६५, १९६७ आणि १९८४. दुसऱ्या दाव्यात, १७ जुलै १९७० ला, न्यायाधीश सुगिमोतो यांनी निकाल दिला की शिक्षणाचा हक्क लोकांचा आहे, त्यात काय शिकवायचं हे ठरवायचा अधिकार सरकारला आपोआप मिळत नाही, आणि या पुस्तकाबाबत झालेली तपासणी घटनाबाह्य आहे. इथे गोष्ट संपली असती तर छान सिनेमा झाला असता. सरकार अपिलात गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पुन्हा खाली आलं, आणि १९८९ मध्ये ते असं बंद झालं की, मधल्या काळात अभ्यासक्रमच बदलला असल्याने आता या दाव्यात अर्थ उरलेला नाही. एकोणीस वर्षांपूर्वी जिंकलेला दावा वेळ संपली म्हणून गेला! पहिला दावा १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. तिसरा उरला. त्यात ७३१ क्रमांकाच्या तुकडीचा प्रश्न होता, हार्बिनजवळ जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या जपानी सैन्याच्या तुकडीचा. इएनागांनी त्याबद्दल दोनचार ओळी लिहिल्या होत्या. मंत्रालय म्हणालं, या विषयावर पुरेसं संशोधन झालेलं नाही, आत्ताच लिहिणं घाईचं होईल, सगळंच काढा. २९ ऑगस्ट १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते काढायला लावणं बेकायदा होतं. पुस्तकात इतर तीन ठिकाणी करायला लावलेले बदल खालच्या कोर्टांनी आधीच बेकायदा ठरवले होते. सरकारने इएनागांना चार लाख येन द्यावेत. तपासणीची पद्धत मात्र घटनेला धरूनच आहे, ती राहील.

बत्तीस वर्षं, आणि हाती चार ठिकाणच्या ओळी.

मला यात सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते एका हरलेल्या मुद्द्याने. १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत स्थानिक लोकांतले काही जपानी सैन्याच्याच हातून मेले, असं इएनागांनी लिहिलं होतं. मंत्रालयाने सांगितलं, आधी ‘सामूहिक आत्महत्यां’चं लिहा, त्यांत जास्त लोक गेले. वरवर पाहिलं तर माहिती वाढवायलाच सांगतायत, काढायला नाही. पण ते शब्द घातले की कुणी मारलं हा प्रश्नच मिटतो. लोक आपणहून, देशासाठी मेले असं होतं. त्यावर साक्षी घ्यायला १९८८ मध्ये कोर्ट ओकिनावात, नाहाला गेलं. साक्षीला किन्जो शिगेआकी उभे राहिले. तोकाशिकी बेटावर अमेरिकन उतरले तेव्हा ते १६ वर्षांचे होते. लोकांना हातबॉम्ब वाटलेले, काही फुटले, बरेचसे फुटले नाहीत. मग लोक हाताला येईल त्याने आपापल्या माणसांना मारू लागले. किन्जोंनी आणि त्यांच्या मोठ्या भावाने स्वतःच्या आईला मारलं, धाकट्या भावंडांना मारलं. पुढे ते ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. पाठ्यपुस्तकातल्या एका वाक्याचा क्रम काय असावा यासाठी एक माणूस कोर्टात उभा राहून हे सांगतो. मी ते वाचून लॅपटॉप मिटला, भांडी घासली, पुन्हा उघडला. या मुद्द्यावर इएनागा हरले. पण साक्ष कागदावर राहिली. २००७ मध्ये सैन्याच्या सक्तीचा उल्लेख पुस्तकांतून पुन्हा काढायला लावला, तेव्हा ओकिनावातल्या गिनोवानच्या समुद्राकाठच्या बागेत २९ सप्टेंबरला आयोजकांच्या म्हणण्यानुसार १ लाख १० हजार माणसं जमली. डोक्यावर टॉवेल घेतलेल्या म्हाताऱ्या बायकाच बायका. वर्षअखेर मंत्रालयाला थोडं नमावं लागलं.

इतिहासकाराने मोर्चात जावं का, हा आपल्याकडचाही आवडता प्रश्न. जावं म्हणणारे आणि त्याने ग्रंथालयातच बसावं म्हणणारे, दोघंही मला अर्धे पटतात. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा मी पुण्यात शिकत होते. वर्तमानपत्रातला फोटो अजून आठवतो, उलथलेली कपाटं आणि त्यातून पडलेले कागद, ज्यातला कुठला किती जुना ते फोटोत कळत नव्हतं. गजानन मेहेंदळ्यांनी उद्वेगाने आपल्या शिवचरित्राची लिहून झालेली शेकडो पानं फाडून टाकली, हीही बातमी त्याच दिवसांतली. हल्ल्याचं निमित्त झालेल्या, जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरच्या परदेशी पुस्तकाला त्यांचाही विरोध होता, आणि प्रकाशकाने ते मागे घ्यावं म्हणून लिहिणाऱ्यांत ते होते. पण पुराव्यावर जगणाऱ्या माणसाचा राग वेगळा आणि कपाटं उलथणाऱ्यांचा वेगळा. त्या आठवड्यात आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये जो तो ‘खरा इतिहास’ एवढेच दोन शब्द बोलत होता. हल्ल्याची बाजू घेणारा तेच म्हणे आणि निषेध करणाराही तेच. नंतर सरकारने पुस्तकावर बंदी घातली, ती कोर्टात रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपल्याकडे भांडण नेहमी या वळणानेच जातं: माझा इतिहास खरा आहे, सबब सरकारने दुसऱ्याचा खोडावा. सत्ता बदलली की खोडणारा बदलतो.

इएनागांच्या दाव्याचं वेगळेपण मला इथे दिसतं. माझं म्हणणं खरं आहे असं कोर्टाने जाहीर करावं, अशी त्यांची मागणी नव्हती. खोडणारा हात सरकारचा नसावा, एवढंच ते मागत होते. हे मागणं दिसायला छोटं आहे, पण त्याची किंमत मोठी आहे, कारण ते आपल्या विरोधकालाही लागू होतं. आणि ती वेळ आलीच. १९९७ मध्येच, म्हणजे इएनागांचा शेवटचा निकाल लागला त्याच वर्षी, जपानमध्ये एक मंडळ स्थापन झालं. मुलांना स्वतःच्या देशाची लाज वाटायला लावणारी पुस्तकं नकोत, असं त्याचं म्हणणं. त्यांनी स्वतःचं इतिहासाचं पुस्तक लिहिलं. २००१ मध्ये मंत्रालयाने १३७ दुरुस्त्या करायला लावून ते मंजूर केलं. चीन आणि कोरियाने आरडाओरडा केला, की हे पुस्तक अडवा. आता काय करायचं? तपासणी नको म्हणणाऱ्याने हे पुस्तक तपासणीत अडवा कसं म्हणायचं? मला वाटतं, म्हणू नये. तिथल्या शिक्षकांनी, पालकांनी, इतिहासकारांनी दुसरी वाट धरली. जपानमध्ये कुठलं पुस्तक घ्यायचं ते स्थानिक शिक्षण मंडळं ठरवतात. त्या त्या गावात पत्रकं वाटली, सभा घेतल्या, पुस्तकातल्या चुका पानागणिक दाखवल्या. ते पुस्तक ज्यांच्या हातात पडलं, त्या मुलांचं प्रमाण ०.०३९ टक्के निघालं. दुकानात मात्र ते धोधो खपलं, हेही सांगायला हवं.

२०२३ मध्ये एनसीईआरटीने बारावीच्या इतिहासातलं मुघल दरबारांचं प्रकरण काढलं, राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या गांधीहत्येभोवतीच्या ओळी काढल्या, तेव्हा पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी पत्र लिहिलं की मुख्य सल्लागार म्हणून छापलेली आमची नावं काढा. मागोमाग तेहतीस अभ्यासकांनी तेच मागितलं. उत्तर आलं की तसं करता येणार नाही. अण्णांना हे फार लागलं. ‘पान काढता येतं, नाव काढता येत नाही, हा कुठला नियम?’ असं ते दोन वेळा म्हणाले. मला वाटलं, निवृत्त शिक्षकाला आणखी एक विषय मिळाला. पण त्यांनी पुढे जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती. ‘तुझ्या त्या जपानी पुस्तकात अंदमान आहे का?’

अंदमान म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कोठडी आणि कोलू येतो. अण्णा वर्गात तो धडा शिकवताना आवाज खाली आणायचे, मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. त्यानंतरचं सुभाषबाबूंचं येणं: ३० डिसेंबर १९४३, पोर्ट ब्लेअर, तिरंगा. परीक्षेत दोन गुण. आम्हाला न सांगितलेलं हे, की ती बेटं मार्च १९४२ पासून जपानी सैन्याच्या ताब्यात होती, आणि इंग्रजांनी बांधलेल्या त्याच सेल्युलर जेलमध्ये जपान्यांनी हेर ठरवून भारतीयांचे हाल केले. डॉक्टर दिवाण सिंग तिथे मरेपर्यंत छळले गेले. झेंडावंदनाला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, ३० जानेवारी १९४४ ला, हम्फ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. त्यातले कित्येक स्वातंत्र्य चळवळीच्याच संघटनेतले. ‘हे तुम्हाला माहीत होतं?’ मी विचारलं. ‘रिटायर झाल्यावर कळलं,’ अण्णा म्हणाले. ‘पुस्तकात नव्हतं. म्हणून वर्गात नव्हतं. माहीत असतं तरी सांगितलं असतं का, कोण जाणे. झेंड्याचा धडा रंगात आलेला असायचा.’ 

म्हणजे पाल न्यायाधीशांचे आभार मानणारे ते आजोबा आणि मी, आम्ही दोघं एकमेकांना सोयीचा अर्धाच इतिहास वाढत होतो. त्यांच्या अर्ध्यात पालांचा दुसरा परिच्छेद नव्हता आणि माझ्या अर्ध्यात हम्फ्रीगंज नव्हतं. पाहुणचार दोन्हीकडून चोख झाला.

दर जूनमध्ये, ऐन पावसाळी हवेत, इथे नव्या पाठ्यपुस्तकांचं प्रदर्शन मांडतात. कुणीही जाऊन पाहावं, फॉर्मवर मत लिहावं. त्या वर्षी मी मुलाला घेऊन गेले. वॉर्डाच्या शिक्षण केंद्राची एक खोली, ओल्या छत्र्यांचा वास, लांब टेबलांवर प्रकाशकांप्रमाणे रचलेली पुस्तकं, आणि वाचणारे जवळजवळ सगळे सत्तरीपुढचे. एक बाई वहीत दोन पुस्तकांतला तोच धडा ओळीला ओळ लावून उतरवत होत्या. त्यांच्या पेन्सिलीला खोडरबर नव्हतं, चूक झाली की आडवी रेघ मारून पुढे जायच्या. मी सगळ्या इतिहासाच्या पुस्तकांत युद्धाचं प्रकरण उघडलं. इम्फाळची लढाई कुठे नकाशात, कुठे एका वाक्यात. अंदमान मला एकाही पुस्तकात सापडलं नाही. मग बसून माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत फॉर्म भरला. अंदमानातल्या तीन वर्षांबद्दल एक ओळ हवी, आमच्याकडच्या पुस्तकांतही हवी होती, असं लिहिलं. मुलाकडून दोन अक्षरं दुरुस्त करून घेतली.

परतताना स्टेशनच्या पुलावर तो म्हणाला, ‘आई, पण तू सांगितलं म्हणून त्यांनी घातलं, तर पुन्हा कुणीतरी बाहेरून सांगितलं म्हणूनच झालं ना? त्या काकांसारखं.’ काका म्हणजे इएनागांच्या पुस्तकावर आक्षेप काढणारे. घरात इतकं बोलून झालं होतं की त्याने त्यांना नातं लावून टाकलं होतं. मी म्हटलं, मी मंत्रालयाला सांगत नाहीये रे, मी लिहिणाऱ्याला सुचवतेय. त्याने माझ्याकडे बघितलं. ‘मग फॉर्म शिक्षण मंडळाच्या पेटीत का टाकलास?’